ताळा जुळेना : १९९४ सालच्या एका चुकलेल्या भागाकाराचा इतिहास

१/ थ्रेड. १९९४ साली जगभरच्या घरांत आणि कचेऱ्यांत दिमाखाने मांडले जाणारे लाखो नवे डेस्कटॉप संगणक काही भागाकार चुकीचे करत होते. यंत्र बंद पडत नव्हते. पडद्यावर कसलीही सूचना येत नव्हती. उत्तर चुकीचे येत होते आणि तेही बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने. हा दोष एका गणिताच्या प्राध्यापकाने कसा पकडला आणि त्यातून एका बलाढ्य कंपनीला आपला शब्द कसा मागे घ्यावा लागला, त्याची ही हकीकत.

२/ आरंभी थोडी पार्श्वभूमी. संगणकातील दोषाला ‘बग’ म्हणतात, याचा संबंध बहुतेक जण एका पतंगाशी जोडतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क २’ या यंत्रातील एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. ती वही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. शब्द मात्र त्याहून जुना आहे. यंत्रातील बारीकसारीक अडचणींसाठी एडिसनने तो १८७८ सालीच वापरला होता.

३/ ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा यंत्राने स्वतःची नाडी स्वतःच पाहण्याची सोय त्यात होती. कळ दाबताच तो आधी स्मृती, कीबोर्ड, पडदा तपासत असे. सारे ठीक असल्यास एक छोटा ‘बीप’ होई. स्मृतीत दोष असल्यास २०१ आणि कीबोर्डात दोष असल्यास ३०१ असे आकडे उमटत. दुरुस्ती करणारा माणूस ते पाहून नेमका कोठे हात घालायचा हे ठरवी.

४/ अडकलेला पतंग काय किंवा २०१ हा आकडा काय, हे सगळे बोलके दोष. यंत्र अडते, ओरडते आणि माणूस धावून जातो. खरी कसोटी लागते ती मुक्या दोषापुढे. यंत्र सुरळीत चालू आहे, आकडे पडद्यावर येत आहेत आणि त्यांतला एखादा खोटा आहे, हे ओळखायचे कसे? शाळेत बेरीज-भागाकार झाल्यावर आपण ज्याला ‘ताळा करून पाहणे’ म्हणत असू, त्यावाचून दुसरा मार्ग नाही. आपल्या कथेचा नायक ताळा करणारा माणूस होता.

५/ थॉमस नाइसली हे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता जोडमूळ संख्या : ११ व १३, १७ व १९ यांसारख्या, ज्यांच्यात केवळ २ चे अंतर आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या. अशा जोड्या अनंत आहेत की नाहीत, हे कोडे आजही सुटलेले नाही. मात्र १९१९ मध्ये नॉर्वेचे गणिती विगो ब्रून यांनी एक गोष्ट सिद्ध केली होती. या सर्व संख्यांचे गुणाकार व्यस्त, म्हणजे १/३, १/५, १/७ वगैरे, बेरजेत घेत गेलो, तर ती बेरीज एका मर्यादेपलीकडे जात नाही.

६/ ही मर्यादा १.९०२१६ च्या आसपास आहे. तिचे पुढचे अंक काढायचे तर अब्जावधी संख्या तपासून त्यांचे व्यस्त अतिशय अचूक काढावे लागतात. नाइसली यांनी हे काम साध्या डेस्कटॉप संगणकांत वाटून दिले. सुरुवातीच्या संगणकांत इंटेलची ‘४८६’ चिप होती. मार्च १९९४ मध्ये त्यांच्या जोडीला नवा, अधिक वेगवान ‘पेंटियम’ आला.

७/ १३ जून १९९४ रोजी नाइसली यांच्या लक्षात आले, की आकडे आपसांत जुळत नाहीत. फरक इतका लहान होता, की हिशेबनिसाने तो हसून सोडून दिला असता. पण ज्या कामाचे सारे मोल दूरवरच्या दशांश स्थळांवर अवलंबून होते, तेथे असा फरक म्हणजे भिंतीला गेलेला तडा. ताळा जुळत नव्हता. आता प्रश्न एकच होता : चूक कोणाची?

८/ संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. नाइसली यांच्यापुढे संशयितांची रांगच होती. पहिला संशयित ते स्वतः, कारण गणनेचा प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता. दुसरा कंपायलर, म्हणजे मनुष्याने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर. तिसरी स्मृती. चौथा मदरबोर्ड, त्यावरील साहाय्यक चिपा आणि माहिती वाहून नेणारी ‘पीसीआय’ वाहिनी. आणि रांगेच्या अगदी शेवटी, कोणी संशय घेऊ धजणार नाही असा प्रोसेसर.

९/ प्रोसेसर शेवटी का? कारण सर्व मोजमाप ज्या गजाने करायचे, तो गजच आखूड असेल असे कोणाच्या मनात येत नाही. मार्च १९९३ मध्ये बाजारात आलेल्या पेंटियममध्ये सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. ‘इंटेल इनसाइड’ ही जाहिरात तेव्हा संगणकांच्या दर्शनी भागावर चिकटलेली असे. संगणकाचे गणित चुकले, तर ते माणसाच्या चुकीमुळे, असा सर्वसाधारण समज होता आणि बहुतेक वेळा तो खराही ठरे.

१०/ नाइसली यांना एकेक संशयित दूर करण्यास चार महिने लागले. पद्धत साधी होती, पण चिकाटीची होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि दोष टिकतो की जातो ते पाहायचे. तीच गणना ४८६ वर केली, तर उत्तर बरोबर आले. काही ४८६ संगणकांत पीसीआय वाहिनीही होती. तेथेही उत्तर बरोबर आल्यामुळे वाहिनी निर्दोष सुटली.

११/ पेंटियमच्या पोटात दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा एक स्वतंत्र विभाग होता. त्याला ‘फ्लोटिंग पॉइंट युनिट’ म्हणतात. तो विभाग बंद करून तेच गणित सॉफ्टवेअरकडून करवून घेतले, तेव्हा संगणकाचा वेग सुमारे दहा पटींनी मंदावला. पण चूक नाहीशी झाली! निरनिराळ्या पाच कंपन्यांनी बनवलेल्या पेंटियम संगणकांवर मात्र तीच चूक उमटली. यंत्रे वेगळी, मदरबोर्ड वेगळे. समान होती ती फक्त चिप.

१२/ १९ ऑक्टोबरपर्यंत नाइसली यांची खात्री पटली. २४ तारखेला त्यांनी ही गोष्ट इंटेलला कळवली. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा ३० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी काही परिचित अभ्यासकांना ई-मेल लिहून आपापल्या यंत्रांवर पडताळा घेण्याची विनंती केली. त्या पत्रात आरोपाची भाषा नव्हती. होता तो कोणालाही दोन मिनिटांत करून पाहता येईल असा प्रयोग.

१३/ प्रयोग असा. ८२४६३३७०२४४१ या मूळ संख्येने १ ला भागा आणि आलेल्या उत्तराला त्याच संख्येने गुणा. उत्तर १ यायला हवे. पेंटियमवर येत होते ०.९९९९९९९९६२७४७०९७०२. चूक आठव्या अंकानंतरची होती. परंतु ज्या चिपने १९ अंकांपर्यंत अचूकतेची हमी दिली होती, तिच्या दृष्टीने हे अंतर प्रचंड होते.

१४/ इंटरनेट तेव्हा बाल्यावस्थेत होते, तरी काही दिवसांतच निरनिराळ्या देशांतून पडताळे येऊ लागले. नॉर्वेमध्ये तेर्ये माथिसेन यांनी दोषाला दुजोरा दिला. कॅलिफोर्नियातील अभियंता टिम को यांनी तर चिपच्या आत डोकावण्याची सोय नसताना, केवळ चुकलेल्या उत्तरांवरून ती भागाकार कसा करत असेल याचा तर्क बांधला. त्या तर्कातून त्यांना आणखी ठळक उदाहरण सापडले.

१५/ ते उदाहरण असे : ४१९५८३५ ÷ ३१४५७२७. खरे उत्तर १.३३३८२०४४९. पेंटियमचे उत्तर १.३३३७३९०६९. येथे दशांश चिन्हानंतरचा चौथाच अंक चुकला. ताळा केला, म्हणजे उत्तराला भाजकाने गुणून भाज्यातून वजा केले, तर शून्य उरायला हवे. पेंटियमवर उरत होते २५६. दूरच्या दशांश स्थळांचा आडोसा आता राहिला नव्हता.

१६/ चूक मुळात कशामुळे होत होती? शाळेतला लांबलचक भागाकार आठवा. भाज्याचे पहिले काही अंक आणि भाजकाचे पहिले काही अंक पाहून आपण ‘कितीचा भाग जाईल’ याचा अंदाज करतो, गुणून वजा करतो आणि बाकी खाली उतरवून पुढचा अंक काढतो. पेंटियमही हेच करत असे. मात्र अंदाज बांधण्यासाठी त्याच्याकडे चिपमध्येच कोरलेला एक तयार तक्ता होता.

१७/ या पद्धतीला तिच्या तिघा स्वतंत्र संशोधकांच्या नावांवरून ‘एसआरटी’ म्हणतात : स्वीनी, रॉबर्टसन आणि टोचर. तिची खुबी अशी, की प्रत्येक पायरीवर भागाकाराचा अंक −२, −१, ०, १ किंवा २ असू शकतो. अंदाज थोडा जास्त झाला, तर पुढच्या पायरीवर ऋण अंक घेऊन तो सावरता येतो. त्यामुळे अंदाज झटपट बांधता येतो. पेंटियमचा भागाकार ४८६ च्या दुप्पट गतीने पुढे सरकत असे, तो याच पद्धतीमुळे.

१८/ इंटेलने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणानुसार त्या तक्त्यात १०६६ नोंदी भरायच्या होत्या. चिपवर तो कोरण्याच्या प्रक्रियेत त्यांतील ५ गळाल्या. जेथे +२ हवे होते, तेथे ० राहिले. थोडा चुकलेला अंदाज सावरण्याची सोय पद्धतीत होती, पण इतकी मोठी चूक तिच्या आवाक्याबाहेरची होती. बाकी हाताबाहेर जाई आणि पुढचा प्रत्येक अंक त्या चुकीच्या बाकीवरच उभा राही.

१९/ मग कारखान्यातील चाचण्यांत हे दिसले कसे नाही? त्या पाच नोंदी तक्त्याच्या अशा कोपऱ्यात होत्या, की तेथपर्यंत क्वचितच एखादा भागाकार पोहोचे. यादृच्छिक संख्या घेतल्या, तर सुमारे ९ अब्ज भागाकारांत एक चुकणार. ३१४५७२७ ही संख्या पाहा. ती ३ गुणिले २ चा विसावा घात, त्यातून १ वजा, अशी आहे. असे भाजक चाचणीत सहजासहजी हाती लागत नाहीत. नाइसली अब्जावधी भागाकार करत होते आणि त्यांचा ताळाही करत होते, म्हणून त्यांना ते लागले.

२०/ येथून कथा तंत्रज्ञानाच्या बाहेर पडते. ७ नोव्हेंबरला बातमी व्यावसायिक नियतकालिकात आली. २२ तारखेला सीएनएनने ती दाखवली. आणखी एक गोष्ट उघड झाली : इंटेलला हा दोष स्वतःच्या चाचण्यांतून त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कळला होता आणि नव्या चिपांत सुधारणाही सुरू झाली होती. ग्राहकांना मात्र काहीच सांगितले गेले नव्हते. कंपनीचे म्हणणे असे, की सामान्य वापरात अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा होईल.

२१/ चिप बदलून मिळेल, पण आपले काम खरोखर इतके अचूक असल्याचे पटवून देणाऱ्यालाच, अशी कंपनीची भूमिका होती. लोकांचा संताप उसळला तो या अटीवर. दोष विक्रेत्याच्या मालात आणि पुरावा मात्र ग्राहकाने द्यायचा! ‘माझ्या भागाकाराला अचूकतेची गरज आहे’ हे मी दूरध्वनीवर कोणा अनोळखी माणसाला का पटवून द्यावे, हा साधा प्रश्न होता. तोवर इंटेलचे ग्राहक म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपन्या. ‘इंटेल इनसाइड’च्या जाहिरातींनी मात्र थेट घराघरातला माणूस कंपनीशी जोडला होता आणि तोच आता जाब विचारत होता.

२२/ १२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियम संगणकांची विक्री थांबवली आणि नवा आकडा पुढे केला : स्प्रेडशीट वापरणाऱ्या माणसाला ही चूक २४ दिवसांतून एकदा भेटेल. २७,००० वर्षे की २४ दिवस? इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. दोन्ही आकडे गणिताने काढलेले होते. फरक होता तो गृहीतकांत : माणूस दिवसाला किती आणि कोणत्या संख्यांचे भागाकार करतो. आयबीएम त्या वेळी ‘पॉवरपीसी’ या स्पर्धक चिपच्या निर्मितीत भागीदार होती, हेही विसरू नये. साधन तपासताना ते कोणाच्या हातून आले, हे पाहावेच लागते.

२३/ वाद चालू असताना काही जण शांतपणे उपाय शोधत होते. मॅथवर्क्स कंपनीचे क्लीव्ह मोलर, टिम को, माथिसेन आणि पीटर टांग यांनी मिळून एक सुंदर युक्ती काढली. भाजक धोकादायक वाटला, तर भाज्य आणि भाजक दोन्हींना आधी १५/१६ ने गुणायचे आणि मग भागायचे. दोन्हींना समान संख्येने गुणल्यास भागाकार बदलत नाही, पण तक्त्यातला गळका कोपरा मात्र टळतो. हार्डवेअरच्या दुखण्यावर सॉफ्टवेअरचे हे औषध.

२४/ २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने माघार घेतली. कोणत्याही पेंटियमधारकाने मागितल्यास, कारण न विचारता, संगणकाच्या आयुष्यात केव्हाही, चिप मोफत बदलून मिळेल असे जाहीर झाले. जानेवारी १९९५ मध्ये कंपनीने या प्रकरणापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार ताळेबंदात दाखवला. गळालेल्या नोंदी पाच. म्हणजे प्रत्येकी साडेनऊ कोटी डॉलर! इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी पुढे १९९६ च्या आपल्या पुस्तकात या प्रसंगावर विस्ताराने लिहिले.

२५/ याचे पडसाद आजही आपल्या टेबलावर आहेत. १९९५ च्या ‘पेंटियम प्रो’पासून इंटेलच्या प्रोसेसरमधील आज्ञावलीचा काही भाग, ज्याला मायक्रोकोड म्हणतात, विक्रीनंतरही सुधारता येऊ लागला. १९९७ मध्ये पेंटियम एका विशिष्ट आज्ञेने पूर्ण गोठतो हे उघड झाले, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बदल करून तो धोका आवरला गेला. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले, तेव्हाही चिपा परत मागवल्या गेल्या नाहीत. सॉफ्टवेअर आणि मायक्रोकोडच्या सुधारणा घरोघर पोहोचल्या. ‘अपडेट करा’ ही त्रासदायक वाटणारी सूचना अनेकदा अशाच एखाद्या दोषावरचा उतारा असते.

२६/ संगणक बिघडला, की आज आपण काय करतो? एकाच वेळी केबल हलवतो, प्रोग्राम काढतो, नवा ड्रायव्हर टाकतो आणि यंत्र चालू झालेच, तर कशाने झाले हे कळत नाही. दोष पुन्हा आला, की पुन्हा पहिल्यापासून. नाइसली यांचे चार महिने याच्या उलट दिशेने गेले. आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग एका वेळी एकच गोष्ट बदलली, बरोबर चालणारे जुने यंत्र तुलनेसाठी शेजारी ठेवले आणि शेवटी दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या हातून पडताळा मागितला.

२७/ मित्रहो, इतिहासाचे शोधकार्यही याच रीतीने चालते. एकाच घटनेची दोन साधने परस्परांशी जुळत नसतील, तर आधी आपल्या वाचनावर संशय घ्यावा, मग नकलकारावर, मग मूळ लेखकावर. आणि सारे संशयित निर्दोष सुटले, तर ज्याच्या अधिकाराविषयी कोणी शंका घेत नाही, त्या साधनाकडेही बोट दाखवण्याचे धैर्य बाळगावे. मोठ्या नावाची चिप आणि मोठ्या नावाची बखर, दोन्हींपुढे नियम एकच.

२८/ थॉमस नाइसली २०१९ मध्ये निवर्तले. जोडमूळ संख्यांच्या अभ्यासकांच्या छोट्या वर्तुळापलीकडे त्यांचे नाव राहिले ते या एका दोषामुळे. तुमच्या संगणकावर ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागून, गुणून, वजा करून पाहा. शून्य येईल. ते शून्य इतके निश्चिंतपणे येते, त्यात तीस वर्षांपूर्वी ताळा न जुळल्याने अस्वस्थ झालेल्या एका शिक्षकाचा वाटा आहे. (थ्रेड समाप्त)